चौथ्या मापाच्या सोंगट्या

प्रिय भिंगरी,

तू पाठवलेला टॅब मिळाला. या पत्राबरोबर परत पाठवते आहे, खोकासुद्धा फोडलेला नाही. बोट लावलं की सोंगटी आपोआप सरकते, असं तू खोक्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहिलं आहेस. सरकत असेल बापडी. मला सोंगटी माझ्या हाताने ठेवायची आहे, ती सरकताना बघत बसायचं नाही. आणि खाली तुझा तो शहाजोग प्रश्न : त्या जुन्या संचाची एवढी ठोकाठोक करण्यात काही अर्थ आहे का? आहे. बैस आणि नीट वाच.

संच आणला तेव्हा तू सहा-सात वर्षांची होतीस. पाच रंग, प्रत्येक रंगात तीन मापांच्या सोंगट्या म्हणजे पोकळ शंकू, एक भलामोठा पट आणि नियमांचं पुस्तक, जे तू पहिल्याच आठवड्यात हरवलंस. हरवलं ते बरंच झालं. शंकू एकावर एक रचता येतात, मोठ्याखाली छोटा लपवता येतो, आणखी काय हवं? आपण आपलेच खेळ काढले. 'टोपीचोर' तुझा, 'मनोरा' माझा. मी घड्याळांच्या दुकानाचं शटर ओढून घरी यायचे तर तू पट मांडून, गाल फुगवून बसलेली असायचीस, उशीर केला म्हणून. टोपीचोरचे नियम दर दोन दिवसांनी बदलायचे आणि ते नेमके तू हरायला लागलीस की बदलायचे. तेव्हा कुठे गं गेला होता तुझा प्रश्न, जुन्या खेळात कशाला हात घालायचा म्हणून?

एकतीस वर्षं केसाएवढे स्क्रू चिमट्याने उचलणारा माझा उजवा हात आता चहाचा कपही सरळ धरत नाही. तू बघितलंसच. डॉक्टरीणबाई म्हणतात, औषधाने कमी होईल, पण जाणार नाही. दुकान मी मुकाट्याने सोडलं. हाताला जमेना, तर लोकांची घड्याळं कशाला बिघडवायची? पण खेळही सोडायचा, हे काही मला पटेना. एक सोंगटी ठेवायला जावं तर शेजारच्या तीन लोळण घ्यायच्या. मग मी ठरवलं की दोष सोंगट्यांचा आहे, आणि त्यांनाच सरळ करायला घेतलं.

आधी प्रत्येकीच्या पोटात शिशाच्या गोळ्या चिकटवल्या. जड झाल्या, पडेनात. पण पोकळी भरली, मोठीखाली छोटी शिरेना आणि तुझा टोपीचोर जागच्या जागी मेला. त्या गोळ्या खरवडून काढण्यात पंधरा दिवस गेले. मग अंगात आलं आणि सहावा रंग केला, जांभळा. नुसती गर्दी! दोघींच्या खेळाला सहा रंग घेऊन काय करायचंय? तो कपाटात गेला. चांगला संच उगीच फुगवला की बिघडतो, एवढं तुझं खरं, ते लिहून देते.

पण मग पट उचलून कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेले. त्याने एकेक घर कोरून नखाएवढं खोल केलं. आता सोंगटी घरात टेकली की बसली, शेजारणीला धक्का नाही. त्याच्याचकडून चौथं माप करून घेतलं, सगळ्यांत मोठीलाही पोटात घेईल आणि माझ्या मुठीत येईल असं. लहान सोंगट्या डाव्या हाताने ठेवते, तो अजून थोडा शहाणा आहे. आणि गंमत बघ, हे सगळं केलं हातासाठी, पण खेळच बदलून गेला. पूर्वी मोठी सोंगटी एकदा बसली की तिला कुणाची भीती नसायची. आता तिलाही टोपी घालणारी आली. आपले जुने डावपेच सगळे रद्द. सुतार आधी हसत होता, मग खेळायला बसला आणि लागोपाठ तीन डाव हरला. आता रोज दुपारी काहीतरी निमित्त काढून येतो.

आता मनातलं सांगते. गेल्या महिन्यात, पट सुताराकडे जायच्या आधी, तू आलीस तेव्हा आपण मनोरा खेळलो. माझ्या हाताने दोनदा पट उधळला, तू दोन्ही वेळा हसत परत मांडलास. त्याचं काही नाही. पण शेवटी माझा डावा कोपरा उघडा पडला होता. तुझी मोठी लाल शेजारीच होती. एक चाल आणि मी संपले असते. तू कोपऱ्याकडे बघितलंस, मग माझ्या हाताकडे बघितलंस, आणि भलतीच चाल केलीस. डाव माझ्या पदरात टाकलास आणि वर टाळ्या वाजवल्यास. दुकान सोडताना मी रडले नव्हते, भिंगरे. तू गेल्यावर रडले. तू लहान असताना शेजारच्या मावशी मला किती वेळा म्हणाल्या होत्या, पोर आहे, सोड एखादा डाव. मी एकही सोडला नाही. मला समोर तू हवी होतीस, पूर्ण ताकदीची. आज मलाही तेवढाच मान हवा आहे. येत्या रविवारी ये. नवे नियम आल्यावर सांगेन, एकदाच. आणि मला हरव. माझ्या हाताकडे बघून खेळणार असशील तर येऊच नकोस. नाही, ये. पण पटाकडे बघून खेळ.

तुझीच,
हरायला तयार, पण ऐकायला नाही अशी
आई