केनियाला दिलेलं जेवणाचं आमंत्रण

वैजयंता,

तुला आणि आईला जयभीम. मी मजेत आहे. खिडक्यांचं दुकान चाललंय, पन्नाशीतलं कॉलेजही चाललंय. आईचा गुडघा कसा आहे?

यंदा 'जागतिक दृष्टिकोन' असा विषय आहे. काल संध्याकाळी आमचा वर्ग व्हिडिओवर केनियातल्या विद्यार्थ्यांशी बोलला. मी घरी ताट घेऊनच बसलेलो. समोर माणसं दिसली तसं सवयीने म्हणालो, "या जेवायला!"

वर्गातली पोरं हसली. मॅडम म्हणाल्या, "ईश्वरकाका, आता त्यांना अर्थ सांगा." मोडक्या इंग्रजीत सांगितला. तिकडचा ओटिएनो म्हणाला, "आमच्या गावातही असंच बोलावतात. तुमच्याकडे कोण कोण येतं?"

मी म्हणालो, "शेजारी येतात."

खरं सांगू? इथे आमच्या शांती नगरात सगळी दारं बंद असतात. मी जेवताना आपलं उघडं ठेवतो. माझे कान तिखट, तुला ठाऊकच आहे. लिफ्ट थांबली की घास हातात राहतो. पावलं पुढे निघून जातात.

आईला घेऊन थोडे दिवस ये. गुडघ्याची काळजी नको, लिफ्ट थेट आपल्या मजल्यावर थांबते. तुझी पावलं मी ताटावरूनच ओळखीन.

तुझा भाऊ,
ईश्वर