एल आय वर अडलेलं मशिन

२७ सप्टें. ९८, इंदापूर

सरांच्या भाच्यानं, नितीननं, गेमपायी कॉम्प्युटर क्लासच्या मशिनवर विंडोज परत टाकली. मी खपून बसवलेलं लिनक्स उघडायचंच बंद. दोन्हीतलं कुठलं उघडायचं ते विचारणारं लिलो मी परत घातलं, तर स्क्रीनवर नुसतं 'एल आय' येतंय आणि गप्प. शनिवारी डेमो. दोन्ही चाललं तर बारामतीची शाखा मी बघायची, सर सगळ्यांसमोर बोललेत.

२९ सप्टें.

बूट फ्लॉपी घातली की लिनक्स उघडतंय, एरवी न्हाय. सरांच्या आईनं, आक्कांनी, विचारलं हे काय. म्हटलं, मशिनचा जीव हिच्यात हाय. 

१ ऑक्टो. दसरा

आक्कांनी मशिनची पूजा केली. मॉनिटरला झेंडूचा हार, ठीक. पण फ्लॉपी पाटावर! पत्र्याची झडप सरकवून आतल्या चकतीलाच हळदकुंकू.
"जीव आत हाय म्हणालीस, मग वरनं कसं लावू?"
माझंच तोंड नडलं, फ्लॉपी गेली. नितीन मेला पोट धरून हसला. सर मलाच म्हणाले, महत्त्वाची वस्तू अशी ठेवतात का. आणि विंडोज काय मी टाकली?

२ ऑक्टो.

सुट्टी. एसटीनं बारामती, मैत्रिणीच्या, वैशालीच्या, पीसीवर नवी फ्लॉपी केली, परत क्लासवर. डिस्क मोठी, म्हणून अडत होतं. सेटिंगच्या फाइलीत 'लिनिअर' एवढा एक शब्द घातला, लिलो चालवलं. दोन्ही उघडलं! एकटीच हसले. चहाही एकटीनंच घेतला.

३ ऑक्टो.

डेमो झाला. माऊस नितीनच्या हातात, मी मागं उभी. टाळ्या. बारामती त्यालाच. मला बाजूला घेऊन सर म्हणाले, "शैला, तुझं लग्न झालंय, रोजची बारामती झेपायची न्हाय. त्याला तेवढं शिकवून ठेव."
काल गेले तेव्हा झेपली. लई राग आलाय. रडू त्याहून जास्त.

४ ऑक्टो.

रविवार. क्लासची चावी अजून माझ्याकडंच. उद्या हे मशिन नितीनबरोबर बारामतीला जाणार. सेटिंगच्या फाइलीत पासवर्डची ओळ घातली. तो माहीत नसंल तर काहीच उघडायचं न्हाय, विंडोज पण. लिलो परत चालवल्याबिगर ओळ लागू होत न्हाय. कमांड टाइप केलीय. एंटर दाबायचं ऱ्हायलंय, म्हणून हे लिहीत बसलीय. आक्का खालच्या घरातनं हाक मारतायत, जेवूनच जा म्हणून.