चार मिनिटांचं वादळ

४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या धाकट्या भावाचा गेम अखेर तयार झाला. बाजारात यायला अजून तीन आठवडे आहेत, पण भाचीसाठी एक प्रत आधीच पाठवतोय.

एक सांगून ठेवतो. सुरुवातीला चार मिनिटांचं दृश्य आहे: वादळ, कडाडणाऱ्या विजा आणि त्या उजेडात डोंगर उतरणारी टपालवाली. त्यावर मी चौदा महिने घालवलेत. ऑफिसात चाळीस जणांना खेळायला बसवलं, तर सदतीस जणांनी बटण दाबून ते उडवलं. म्हणून मालकांशी भांडून मी ते बटणच काढून टाकलं. तुझी लेक माझे सगळे गेम ‘पुढे, पुढे’ करत खेळते, हे मला ठाऊक आहे. आता कशी सुटते ते बघू. आणि तू हसू नकोस, स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओसुद्धा तू जेवणापर्यंत पळवतेस.

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ न मागता मिळतो, तरी रीत म्हणून मागतो.

तुझा,
धाकटा

१२ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. शेवटी लिहायला बसले.

परवा बाहेरून खेळून आल्यावर पोरगी तुझा गेम घेऊन बसली. मी स्वयंपाकघरात होते. धप्प आवाज आला. जाऊन बघते तर ती खुर्चीवरून खाली पडलेली, डोळे फिरलेले, हातपाय झटके देतायत. पडद्यावर तुझ्या विजा चालूच होत्या. मला काही त्या बंद करता येईनात, शेवटी वायर उपटली.

डॉक्टर म्हणाले, काही मुलांना असा लखलखाट सोसत नाही. आम्हाला हे माहीतच नव्हतं. आता ती खातेपिते, बोलते. पण माझं काळीज ठिकाणावर नाही. तिला न्हाणीघराची कडी लावू देत नाही, झोपली की छातीवर हात ठेवून श्वास बघते.

तुझ्यावर रागावू की तुझ्याजवळ रडू, कळत नाही. तिचा अंगठा अजून हातातल्या रिमोटच्या बटणावर होता. ती बाहेर पडायची वाट शोधत असणार, असं राहून राहून मनात येतं. हा गेम आणखी किती घरांत जाणार आहे रे?

आशीर्वाद आहेतच.

ताई

१६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. तसाच मालकांकडे गेलो. ते म्हणाले, सुरुवातीला इशाऱ्याची पाटी आहे, तारीख पुढे जाणार नाही. ती पाटी मीच लिहिली. आणि ती मात्र बटण दाबून उडवता येते. इशारा उडवता येतो, माझ्या विजा नाही. हे मी केलं, ताई.

बटण परत बसेपर्यंत गेम बाजारात सोडायच्या कागदावर सही करणार नाही, असं सांगून आलोय. नोकरी राहील असं वाटत नाही. त्याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण कुठल्या तरी घरात अजून एक मूल पडेल, ही भीती जास्त मोठी आहे. डोळे मिटले की तो अंगठा दिसतो.

भाचीला तोंड दाखवायची हिंमत नाही. लोभ राहिला असेल तर दोन ओळी लिही.

धाकटा

२१ मे

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मायना आईनं सांगितला, बाकी मीच लिहितेय. ती वाचणार नाही म्हणाली.

मी बरी आहे. गोळी कडू नाही. पण ट्यूबलाइट लुकलुकली तरी मला भीती वाटते आणि मी आईच्या मागे जाऊन उभी राहते.

आई म्हणते मी बटण शोधत होते. मी नव्हते शोधत. तू पत्रात लिहिलंस ना, मी सगळं उडवते, ते वाचून मला वाईट वाटलं होतं. म्हणून या वेळी पूर्ण बघायचं ठरवलं. डोकं गरगरत होतं, तरी बघत राहिले. बटण असतं तरी मी दाबलं नसतं.

म्हणून नुसतं बटण बसवून चालणार नाही. त्या विजा काढ. आणि बटण दाबलं तर तू रागावणार नाहीस, हे तिथे मोठ्या अक्षरांत लिही.

तुझी,
भाची