मायचं नाव अन् बोरीचं पोस्ट

मंगळवार, दिवेलागण

मी सांगून राह्यली, नात पल्लवी लिहून राह्यली. पोरगी आज दुसऱ्यांदा बोरी अरबहून रिकाम्या हातानं आली. मी तान्ही होती तवाच माय गेली. तिचं नाव मले कोणी सांगितलंच नाही. म्हणून ही जुन्या मरणनोंदी धुंडून राह्यली.

"आजी, तुझ्या बाबांच्या जुन्या पोस्टकार्डावर तर बोरीच लिहिलंय."

"पुरं वाच बरं."

"मुक्काम चिंचटेक, पोस्ट बोरी अरब."

"अवं शहाणे, बोरीत पोस्ट होतं, आम्ही नाही! आम्ही नदीपल्याड, आमचा तालुकाच निराळा. माय मेली ते आमच्या कोतवालानं लिहिलं असंल, पोस्टमननं कायले लिहावं?"

पंधरावी शिकलेल्या पोरीले पत्ता समजत नाही, अन् लोक अडाणी म्हणतात मले! हे लिहितानाही पोरगी हसून राह्यली.

पण ते कार्ड इतकी वर्षं माझ्याच पेटीत होतं. मी कोणाकडून ते वाचून घेऊन मायचं नाव काहून नाही धुंडलं? नावाची नोंदच नसली तर, हे भ्याव होतं का?

उद्या ती कोतवालाच्या जुन्या वह्या पाह्याले आमच्या तालुक्याले जाते. पल्लवे, इथं एक ओळ कोरी सोड. नाव भेटलं की तिथंच लिहिजो, अन् माझं बोट धरून त्याच्यावर ठेवजो.