लाईन चालू आहे

सोमवार, ३ जून. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. तळ्याकाठच्या या सरकारी दवाखान्यात नेटवर्क कळणारा माणूस एकच: मी, लुसुंगू गोंडवे. बाकी सगळा आनंद. निदान कागदाला तरी माझी किंमत कळावी.

११.१५. सिस्टर तावोंगा आल्या. म्हणे कमांगा नावाच्या कोळ्याच्या पायाचे एक्स-रे राजधानीत, लिलाँग्वेच्या डॉक्टरांकडे जातच नाहीत. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत कमांड टाकून पिंग केलं. पिंग म्हणजे मशीनला हाक मारायची, ओ आली की लाईन चालू. एवढंही शिकवावं लागलं. चार हाका, चार ओ. दोष माणसांत आहे. तसं स्पष्ट सांगितलं.

मंगळवार.
पुन्हा सिस्टर. फोनवरून पाठवलेल्या फोटोत डॉक्टरांना हाड नीट दिसत नाही, पाय काळा पडतोय, वगैरे. पुन्हा पिंग. लिलाँग्वेचा पत्ता मी कधीच सोडून दिला, तो मेला ओ देत नाही. माझ्या ट्रेनिंगच्या वहीत १२७.०.०.१ आहे. काय सभ्य पत्ता! शंभर हाका, शंभर ओ. छापून भिंतीवर चिकटवलं. सिस्टरनी विचारलं, हा कागद पायाला बांधू का. अडाणी बाई.

बुधवार.
सर्दी. सर्व्हरच्या खोलीत जाऊन वायर बघणार होतो. तिथे गारठा फार. उद्या नक्की.
सिस्टर सकाळच्या बसने एक्स-रेच्या फिल्म घेऊन स्वतःच लिलाँग्वेला गेल्या. आठ तास! तंत्रज्ञानावर विश्वास नसला की असे हाल होतात.

गुरुवार.
डॉक्टरांनी फिल्म बघून कमांगाला तातडीने बोलावलं. अँब्युलन्स गेली. आणखी दोन दिवस गेले असते तर पाय कापावा लागला असता म्हणे. सगळे सिस्टरचं कौतुक करतायत. माझं नाव कुणी काढलं नाही. बरंच आहे.
वायर राहिली.

शुक्रवार. दुपार.
लिलाँग्वेहून इंजिनियर आली, एस्नात म्हवाले. माझ्या निम्म्या वयाची. तिला भिंत दाखवली. तिने कागद दोनदा वाचला, मग हळू आवाजात म्हणाली, "काका, हा पत्ता आपण बसलोय त्याच मशीनचा असतो. तुम्ही आठवडाभर स्वतःलाच हाक मारताय आणि स्वतःच ओ देताय."
मी म्हटलं, मला माहीत होतं. आधी घरचं तपासावं.
तिने सर्व्हरच्या खोलीत जाऊन वायर बदलली. दहा मिनिटं. उंदराने कुरतडली होती. उंदीर माझ्या खात्यात येत नाहीत, हे लेखी कळवणार आहे.

सोमवार, १७ जून.
उंदराबद्दलचं पत्र अजून लिहायचंय.
कमांगाची बायको आली. तो काठी घेऊन चालायला लागलाय. सुक्या उसिपा मासळीची टोपली आणली होती. मी उठून उभा राहिलो, म्हटलं, नेटवर्क मीच बघतो. ती म्हणाली, बरं झालं भाऊ उठलात, आणि माझ्या खुर्चीवर सिस्टरना बसवून टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली.
सिस्टरनी जाताना अर्धी मासळी माझ्या टेबलावर ठेवली.
घरी मक्याच्या पिठाच्या न्सिमाबरोबर खाल्ली. चांगली होती.