वरपक्ष ओहायोचा, मुलीकडचे जर्मन

२१ मार्च २००३
इराकचं युद्ध कालपासून सुरू. आमचं आजपासून.

संध्याकाळी आठला कॉल. ओहायोहून डॅरेल, म्हणजे ज्या कंपनीने गेल्या वर्षी जर्मन पंपवाल्यांना विकत घेतलं तिचा साहेब. स्टुटगार्टजवळच्या गावातून डॉ. फोग्ट, जी विकली गेली तिचा मुख्य इंजिनियर. मधे सिंगापुरात, पाया लेबारच्या ऑफिसात सहाव्या मजल्यावर मी. टेलिफोन आणि मिनिट्सची वही घेऊन.

डॅरेलने आधी हवामान सांगितलं, मग कुत्र्याची तब्येत. (नाव बिस्किट. पाय बरा आहे.) फोग्ट थांबला. मग म्हणाला, "कामाआधी एक सांगतो. आमच्याकडे सगळे या युद्धाच्या विरोधात आहेत. मीसुद्धा. आता पंप."

ओहायोत शांतता. इतकी, की आमच्या ऑफिसच्या मिसेस टॅननी लाइन तुटली समजून प्लग हलवून पाहिला.

डॅरेल: "ओके. ग्रेट. मनातलं बोललात, आभार."

फोग्टला वाटलं विषय मिटला. मी लहानपण व्याही-विहिणींमधे काढलेलं आहे. मला त्या "ग्रेट"वरूनच कळलं, आत्ता सुरू झाला.

२४ मार्च
वहीत सोय म्हणून: ज्यांनी घेतली ते वरपक्ष, व.प. ज्यांची गेली ते मुलीकडचे, मु.क. लग्न लागून वर्ष होत आलं, सोयरीक जुळायची आहे. मध्यस्थ मी. आत्याने एकवीस लग्नं जुळवली, रक्तातच आहे.

आज व.प.ची मेल. इथल्या एका गिऱ्हाइकाच्या पाणी शुद्धीकरणाच्या प्रकल्पाचं टेंडर. पंप मु.क.चा, मोटर आणि पॅनेल व.प.चं. दोघांनी मिळून एकच टेंडर भरायचं, ३० मेच्या आत. नाही जमलं तर "सिंगापूर ऑफिसच्या उपयुक्ततेकडे पुन्हा पाहावं लागेल." म्हणजे ३० जूनला कुलूप.

कुलूप म्हणजे माझा इथल्या नोकरीचा पास रद्द. माझ्या पासाला लटकलेले सुधीर आणि ऋता. ऋताची ओ-लेव्हल, म्हणजे इथली दहावी, ऑक्टोबरात. जुलैत पुण्याला नेऊन हिला कुठल्या वर्गात बसवू? दहा वर्षं इथे शिकलेली पोर. मराठी वाचते ती फक्त मसाल्याच्या पाकिटावरचं.

रात्री जेवताना सांगितलं. सुधीरने ऋताला पोळी वाढली. (बँकेतून ऐच्छिक निवृत्ती घेऊन माझ्यामागे आला. "मी बायकोच्या पासावर आहे" हे इतक्या ऐटीत सांगतो की आमच्या क्लेमेंटीतल्या शेजाऱ्यांना ती पदवी वाटते.) ऋता: "आई, देन माय ओ-लेव्हल हाउ? कॅनॉट लाइक दॅट, लाह."
कॅनॉट. बरोबर.

२८ मार्च
सार्सच्या साथीमुळे शाळा बंद. ऑफिसात दिवसातून दोनदा ताप मोजतात. मिसेस टॅन थर्मामीटर घेऊन सकाळी दारातच उभ्या. मला छत्तीस पूर्णांक आठ. "टेन्शनचा ताप यात दिसत नाही ना?" विचारलं. "दिसला असता तर ऑफिस कधीच बंद झालं असतं," बाई न हसता म्हणाल्या.

सार्समुळे दोन्ही पक्षांना इथे यायची बंदी. नाहीतर एका टेबलाशी बसवून साग्रसंगीत जेवू घातलं असतं. निम्मी भांडणं पुरणपोळीवर मिटतात, हा आत्याचा सिद्धांत.

४ एप्रिल
मु.क.ने आराखडा पाठवला. डॅरेलचं उत्तर: "अप्रतिम काम! जबरदस्त टीम! चाचण्यांच्या वेळापत्रकाचा थोडा विचार करावासा वाटला तर पाहा."

फोग्टचं पॅनेलबद्दल डॅरेलला, फोनवर: "हे चूक आहे. हे चालणार नाही."

मी मिनिट्समध्ये लिहिलं: जर्मन सहकाऱ्यांना पॅनेलबद्दल काही शंका आहेत, त्या लवकरच दूर होतील.

काय सुरेख वाक्य! स्वतःचीच पाठ थोपटली. घरी येताना हॉकर सेंटरच्या टपरीवर थांबून स्वतःला कोपी, म्हणजे इथली गोड कॉफी, पाजली.

२९ एप्रिल
भडका.

डॅरेल: वेळापत्रक बदललंच नाही! मी स्पष्ट सांगितलं होतं.
फोग्ट: तुम्ही विचार करायला सांगितलं होतं. आम्ही विचार केला. नाही ठरलं.
डॅरेल: पण मी म्हणालो होतो की…
फोग्ट: तुम्ही म्हणालात, अप्रतिम. अप्रतिम गोष्ट कोण बदलतं?

मग फोग्ट माझ्याकडे वळला. "आणि मिनिट्समध्ये 'शंका'? मला शंका नव्हती. शंका असती तर मी गप्प बसलो असतो. मी चूक म्हणालो, म्हणजे तिथून कामाला सुरुवात करायची होती."

डॅरेल: "चूक म्हणाला तेव्हा मला वाटलं हा दार आपटून गेला. मी पोरांना सांगितलं, जर्मनांना आमच्याबरोबर काम करायचंच नाही. युद्धाच्या दिवशीच कळलं होतं."

साडेतीन आठवडे वाया. पॅनेलला कुणी हात लावला नाही, कारण एकाला वाटलं नकार आला आणि दुसऱ्याला वाटलं आपण केव्हाचं सांगितलंय. आणि हे सगळं साखरेत घोळवून ठेवलं कुणी? मी. त्या सुरेख वाक्याने.

३० एप्रिल
झोप नाही. सकाळी सुधीर भेंडी चिरत होता. म्हणाला, "तुझ्या आत्याने जुळवलेल्या एकविसांपैकी किती टिकली गं?"
"सगळी टिकली."
"टिकली. पण भांडत नाहीत अशी किती?"
भेंडीकडे बघत बोलला म्हणून वाचला.

पण खरंच. आत्या जुळवायची. गोड बोलून, इकडचं तिकडे मऊ करून. आणि नंतर याद्या करायला नानांना बोलवायची. माझे वडील. दोन्ही घरची माणसं सतरंजीवर समोरासमोर. कागदाच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू, मग कोणी काय करायचं आणि कोणी काय करायचं नाही, एकेक ओळ मोठ्याने. हो म्हटल्याशिवाय पुढची ओळ नाही. व्याह्यांचे चेहरे कडू व्हायचे. नाना म्हणायचे, "तोंड कडू करायचं ते इथे. मांडवात वेळ नसतो."

मी आत्या झाले. नाना व्हायला हवं होतं.

६ मे
दोघांना मेल. इंग्रजीत, पण आतून पेठेतली. प्रत्येक पक्षाने आपली यादी द्यायची: आम्ही काय करणार, काय करणार नाही, तुमच्याकडून काय हवं. आणि १३ तारखेच्या कॉलला प्रत्येकाने समोरच्याची यादी स्वतः मोठ्याने वाचायची. व.प.ला नियम: विशेषणं बंद. मु.क.ला नियम: प्रत्येक "नाही"च्या पुढे "मग कसं" लिहायचं.

डॅरेलचा फोन: "विशेषणं नाहीत? मग लोकांना कळणार कसं की मी खूश आहे?"
"कळणार नाही. काम झाल्यावर सांगा."
फोग्टचा फोन: "नियम अनावश्यक आहे." थांबला. "मग कसं: मी तो पाळून बघतो."
चाणाक्ष आहे म्हातारा.

१० मे
दोन्ही याद्या आल्या. मु.क. पंधरा पानं, परिशिष्टांसह. व.प. अर्धं पान, त्यात एक ओळ मोठ्या अक्षरात. माझा नियम म्हणून दोघांनाही शेवटी एक ओळ पंपांबाहेरची लिहायला सांगितलं होतं. जे खुपतंय ते. याद्यांच्या वेळी नाना शेवटी विचारायचे, "मनात काही राहिलंय?"

दोन्ही ओळी वाचल्या. चहा गार झाला.

१३ मे
लिहून ठेवते, सगळं, जमेल तसं.

आठ वाजता. मिसेस टॅन माझ्यासाठी थांबल्या, जरा जास्तच कुतूहलाने. मी दोघांची मिळून एक यादी उतरवायला कागद घेतला, कोपऱ्यांना घरून आणलेलं कुंकू लावलं. फोनवर कुणाला दिसणार? मला दिसत होतं. बाई म्हणाल्या, "फॉर लक?" म्हटलं, फॉर विटनेस.

फोग्टने व.प.ची यादी वाचली. जर्मन शिस्तीत, स्वल्पविरामही ऐकू येतील अशी. "चाचण्या तीन आठवड्यांत. नाहीतर आम्ही सही करणार नाही." थांबून: "ही सूचना नाही, अट आहे?"
डॅरेल: "अट आहे. पहिल्या दिवसापासून."
फोग्ट: "मग तसं लिहायचं होतं. मी दुसरी टीम लावली असती. लावतो."

दीड महिना अडलेलं घोडं, चार वाक्यांत गंगेत न्हालं!

मग डॅरेलने त्यांची यादी वाचली. पॅनेलच्या नऊ चुका, प्रत्येकीपुढे "मग कसं". सातव्या चुकीवर तो थांबला. "हे… अरे, हे तर बरोबर आहे. मला वाटलं होतं तुम्ही आमचं पॅनेल फेकून द्यायला सांगताय."
"फेकायचं असतं तर नऊ चुका कशाला शोधल्या असत्या?"

मग शेवटच्या ओळी. आधी फोग्टने डॅरेलची वाचली:
"माझा मुलगा तिथे आहे, मार्चपासून. ज्या दिवशी तुम्ही बोललात त्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन बंद झाला."

कुत्र्याचं नाव पहिल्या मिनिटात सांगणारा माणूस. मुलगा युद्धावर आहे हे सांगायला त्याला यादी लागली.

डॅरेलने फोग्टची वाचली. आवाज जरा बारीक:
"मी तळघरात जन्मलो. वर बॉम्ब पडत होते. माझ्या आईने मला शिकवलं की युद्धाबद्दल गप्प बसणाऱ्यांबरोबर जेवू नये. मी ते तुमच्याविरुद्ध म्हटलं नव्हतं. तुमच्याबरोबर जेवायचं होतं म्हणून म्हटलं."

मत पहिल्या मिनिटात देणारा माणूस. आणि त्यामागची आई दोन महिने खिशात.

यावेळी मिसेस टॅननी प्लग हलवला नाही.

डॅरेल: "तो बरा आहे. गेल्या रविवारी फोन आला."
फोग्ट: "हे तुम्ही पहिल्यांदा सांगायला हवं होतं. चूक." मग, नियम आठवून: "मग कसं: पुढच्या कॉलला कुत्र्याआधी मुलाबद्दल सांगा."

डॅरेल हसला. खोटं नाही, पोटातून. फोग्ट हसतो हे तर मला आजच कळलं. जुना पंप सुरू होतो तसं आधी दोनदा अडतं.

हो म्हटल्याशिवाय पुढची ओळ नाही. पावणेदहाला शेवटचा हो. सह्या फॅक्सने, दोन्हीकडच्या. मी टेबलाभोवती एक फेरी मारली. मिसेस टॅननी टाळ्या वाजवल्या.

नाना, एकविसावर एक.

२९ मे
टेंडर भरलं. एक दिवस आधी! पंप मु.क.चा, मोटर व.प.ची, चाचण्या तीन आठवड्यांत, पॅनेलच्या नऊच्या नऊ चुका दुरुस्त. गिऱ्हाइकाच्या माणसाने कागद चाळून विचारलं, "दोन देशांतल्या लोकांनी लिहिलंय? जोड दिसत नाही." मी फक्त मान हलवली. बाहेर आल्यावर लिफ्टमध्ये एकटीने मूठ हवेत उडवली. कॅमेरा होता. असू दे.

घरी सुधीरने श्रीखंड केलेलं. ऋता: "सो, वी स्टे, ऑर नॉट स्टे?"
"अजून कळायचंय."
"आई, यू ऑल्वेज से लाइक दॅट वन."

१९ जून
आमचं टेंडर शेवटच्या दोनांत! व.प.ची मेल: सिंगापूर ऑफिस डिसेंबरपर्यंत नक्की. पासही तोपर्यंत. ओ-लेव्हल नोव्हेंबरात संपते. म्हणजे पोर इथूनच परीक्षेला बसणार. ऋताला सांगितलं तर तिने वहीतून मान वर न करता "ओके कॅन" म्हटलं आणि मग वीस मिनिटांनी मागून येऊन गळ्यात हात टाकले. मराठीत म्हणाली, "शाब्बास." मसाल्याच्या पाकिटावर हा शब्द नसतो. कुठून शिकली?

२७ जून
दोन मेल, एकाच सकाळी.

डॅरेल: "अफाट काम! जानेवारीपासून ओहायोला यायचा थोडा विचार करावासा वाटला तर पाहा." (विशेषणांची बंदी उठली असं त्याने ठरवलेलं दिसतं.)

फोग्ट: "आम्ही सह्या केल्या त्या तुमच्या यादीत चौदाव्या ओळीत चूक आहे. जानेवारीत तुम्ही आमच्याकडे यायलाच हवं. घर मिळेल. थंडी आहे."

सुधीर दोन्ही वाचून म्हणाला, "वाचून दाखव. काय म्हणतायत?"
म्हटलं, एकाने विचार करायला सांगितलंय, म्हणजे हुकूम आहे. दुसऱ्याने हुकूम दिलाय, म्हणजे विचार करायला सांगितलंय. आणि चौदाव्या ओळीत चूक आहे म्हणजे बाकीच्या सगळ्या बरोबर. यापेक्षा मोठं कौतुक तो करत नाही.
"म्हणजे वरपक्ष आणि मुलीकडचे, दोघांनाही मध्यस्थच हवा," सुधीर म्हणाला. "आणि आपण?"

कोरा कागद घेतला. कोपऱ्यांना कुंकू. पहिली ओळ: ऋताची परीक्षा, नोव्हेंबर, त्याआधी कुठेही जायचं नाही. सुधीर: हो. आतून ऋता: "कॅन!"
दुसरी ओळ लिहायला घेतली. सुधीर खुर्ची ओढून समोर बसला, जमिनीवर सतरंजी असल्यासारखा. म्हणाला, "थांब. आधी मनात काय राहिलंय ते सांग."