आजोबांना दात येताहेत

तीर्थरूप मोठे आजोबा बान सांगग्यून यांच्या चरणी,

दुहोचा गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार. (कपाळ जमिनीपासून चार बोटं वरच राहिलं. पाठीवर बाळ बांधलेलं आहे आणि मी आणखी वाकलो की ते माझ्या डोक्यावरून पुढे घरंगळतं. राहिलेल्या चार बोटांबद्दल क्षमा असावी.) थंडीने आपले गुडघे जास्त दुखत नसतील अशी आशा आहे. यंदाची किमची रांजणात उतरली का? मोठ्या आजींचा खोकला कसा आहे? आई-बाबा जेजू बेटावर संत्र्यांच्या तोडणीला गेले आहेत, ते नव्या वर्षाच्या सुमारास परततील. मी खुशाल आहे. माझं वजन तीन किलोंनी कमी झालं आहे आणि ते सगळं बाळाने घेतलं आहे.

मागे आपण फोनवर म्हणालात की ज्या सतरा वर्षांच्या पोराला स्वतःचे मोजे सापडत नाहीत तो मूल काय सांभाळणार, बाळाला सरळ नगराच्या बालगृहात नेऊन दे. वर असंही म्हणालात की घराण्याच्या वंशावळीत ज्याचं नाव नाही तो आपला कुणी लागत नाही. त्यावर मी काही बोलणार तोच फोन बंद झाला. (आपण ठेवलात असं मी म्हणत नाही, आमच्याकडे रेंज नसते.) तेव्हा जे बोलायचं राहिलं ते सविस्तर लिहितो. मजकूर लांबला तर चष्मा पुसून घ्यावा.

झालं ते असं. आपल्या थोरल्या पातीत, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेत, लग्नं लवकर होतात आणि मुलं भराभर होतात. धाकट्या पातीत सगळंच सावकाश. त्यामुळे खोल समुद्रात टूना पकडणाऱ्या जहाजावर इंजिन सांभाळणारे बान पिल्दू वयाने एक्कावन्न असले तरी नात्याने माझे पणजोबा आणि आपले चुलत काका. त्यांनी दोन वर्षांपूर्वी व्हिएतनामच्या लिएन यांच्याशी लग्न केलं. (आपण गुडघ्यांमुळे लग्नाला आला नव्हतात.) या लिएन, म्हणजे माझ्या पणजी (वय एकोणतीस), महिना-दीड महिन्यापूर्वी तेग्यून बाळाला घेऊन आमच्याकडे भेटीला आल्या. चहा झाला, बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि ‘खालच्या दुकानातून दूध घेऊन आलेच’ म्हणून त्या गेल्या. आमची लिफ्ट बंद होती. पणजी चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने गेल्या आणि तिसऱ्यापर्यंत जिन्याशिवाय. पाय दोन ठिकाणी मोडला. रुग्णवाहिकेत घालताना त्या ओरडून मला सांगत होत्या की याला भात मऊ लागतो. पिल्दू पणजोबा तेव्हा कुठल्याशा महासागरात होते आणि अजून आहेत. अशा रीतीने, मोठे आजोबा, मी सतराव्या वर्षी नऊ महिन्यांच्या बाळाचा धनी झालो.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याला आठवत असेल, आठ वर्षांचा असताना शरदातल्या सणाला मी एका पाच वर्षांच्या मुलीला ‘ए पोरी, सरक’ म्हणालो होतो. ती नात्याने माझी आत्या निघाली. आपण मला अंगणात गुडघ्यांवर बसवून अर्धा तास दोन्ही हात वर धरायला लावलं होतं आणि समोर बसून वंशावळीच्या चोवीस पिढ्या पाठ करून घेतल्या होत्या. वय बघायचं नाही, पिढी बघायची. ते माझ्या हाडात मुरलं आहे. आपल्या पिढीतल्या सगळ्यांच्या नावाचं शेवटचं अक्षर ‘ग्यून’. आपण सांगग्यून, माझे कैलासवासी आजोबा दोग्यून, आणि हा तेग्यून. म्हणजे हा कोण? माझा आजोबा. मग मी त्याला ‘अरे-तुरे’ कसा करणार? पहिल्या दिवसापासून आमच्या घरात असंच बोलणं चालतं: ‘आजोबा, आ करा. आजोबा, ती चप्पल तोंडातून काढा, आपल्याला शोभत नाही. आजोबा, आपण पुन्हा केलीत का?’

याचे परिणाम झाले. दुकानात जाऊन मी ‘आजोबांसाठी लंगोट द्या’ म्हणालो, तर बाईंनी डोळे पुसत सगळ्यांत मोठ्या मापाचं पुडकं दिलं. त्यातल्या एका लंगोटात आजोबा गळ्यापर्यंत मावले. (बाकीचे आम्ही थंडीत अंथरायला वापरतो, फार उबदार आहेत.) औषधाच्या दुकानात मी सांगितलं की आजोबांना दात नाहीत, हिरड्या दुखतात, सारखी लाळ गळते. त्यांनी कवळी चिकटवायचा मलम दिला. तो मी तुटलेल्या खेळण्याला लावला, चांगला चिकटतो.

पण खरी गंमत शाळेत झाली. आमच्या खालच्या मजल्यावर ओकबुन आजी राहतात. त्या पहाटे कालवं सोलायला जातात आणि दहाला परततात. त्यांच्या हाती बाळ सोपवल्यावर मी शाळेत पळतो. म्हणजे मी रोज उशिरा. पहिल्या दिवशी वर्गशिक्षक मा सरांनी कारण विचारलं. मी म्हणालो, सर, आजोबांनी कपडे ओले केले. दुसऱ्या दिवशी, आजोबा भरवल्याशिवाय खात नाहीत. तिसऱ्या दिवशी, आजोबा रांगत बाथरूमपर्यंत गेले आणि तिथेच बसले. चौथ्या दिवशी मा सर काही विचारायच्या आतच मी सांगितलं की आजोबा हल्ली फक्त माझ्या पाठीवरच झोपतात, खाली ठेवलं की रडतात. सरांनी खडू खाली ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला.

‘दुहो, आजोबांचं वय काय रे?’

‘सर, नऊ...’ एवढंच मी बोललो आणि आजोबांनी फोन तोंडात घातला.

‘नव्वद! अरेरे,’ एवढं आतून ऐकू आलं आणि मग फोन भिजून बंद पडला.

मोठे आजोबा, मी एक अक्षरही खोटं बोललो नाही, हे आपण लक्षात घ्यावं. दोन आठवड्यांनी सगळ्या शाळेसमोर मला पुढे बोलावलं आणि जाहीर केलं की वडीलधाऱ्यांच्या सेवेबद्दलचा नगराचा मानाचा पुरस्कार यंदा बान दुहोला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ज्याने मला दोन वर्षं ‘ढोल्या’ म्हणून छळलं तो बेक्दू रडला. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की कुठेतरी घोटाळा आहे. पण मा सर इतके खूश होते की त्यांना थांबवणं मला वडीलधाऱ्यांचा अपमान वाटला.

पुरस्काराआधी तो देणाऱ्या मंडळाची ज्येष्ठ मंडळी आजोबांच्या दर्शनाला घरी येतात, ही माहिती मला ते जिन्यात असताना मिळाली. शनिवार, दुपारचे तीन. पांढरे लांब अंगरखे, डोक्यावर घोड्याच्या केसांच्या काळ्या टोप्या, असे तीन वृद्ध पाच मजले चढून दारात उभे. हातात भेटी: लाल जिनसेंगचा डबा, लोकरीची लाल बंडी आणि कोरीव मुठीची काठी. तिघं आतल्या बंद दाराशी गुडघ्यांवर बसले.

‘आजोबा झोपलेत का?’ अध्यक्षांनी हळूच विचारलं.

‘उठलेत, पण अजून चड्डी घातलेली नाही.’

‘असू दे, असू दे,’ दुसरे म्हणाले. ‘या वयात काय लाजायचं.’

मी दार सरकवलं. आजोबा जमिनीवर बसून होते, कपाळावर भातासोबत खायच्या सुक्या समुद्रशेवाळाचा कागद चिकटलेला, हातात चमचा. तिघांनी खोलीत इकडे तिकडे पाहिलं.

‘हे कुणाचं पोर?’

‘हेच आजोबा.’

‘आणि आजोबा कुठायत?’

‘हे काय, हेच.’

अध्यक्षांचा चेहरा बंडीइतका लाल झाला. ‘पाच मजले चढवलेस, पोरा. आमच्या वयाची थट्टा करतोस? नाव काय तुझं? कोणते बान तुम्ही? मीही बानच आहे, बान इंजे!’

मोठे आजोबा, त्या क्षणी मला आपलं अंगण आठवलं. मी बाळाला कडेवर घेतलं, गुडघे टेकले आणि चोवीस पिढ्या एका दमात म्हटल्या. मूळ पुरुष, तिसऱ्या पिढीतला सुभेदार, नवव्या पिढीतले दोन भाऊ, थोरली पात, धाकटी पात, तिथून पिल्दू, तिथून तेग्यून. कुठे अडखळलो नाही. (बाळाने मध्येच नाक धरलं, त्यामुळे सतरावी पिढी गेंगाणी आली.) अध्यक्ष बोटांवर मोजू लागले. बोटं संपली तेव्हा त्यांनी शेजारच्याची बोटं घेतली. त्यांच्या नावात ‘जे’ आहे, म्हणजे ते माझ्या वडिलांच्या पिढीचे. दुसऱ्यांदा मोजलं. मग शेजारच्याची बोटं परत केली.

‘काय हो अध्यक्ष,’ बान नसलेल्या दोघांपैकी एकाने मोठ्या गोडीने विचारलं, ‘मग हे आपले कोण लागतात?’

‘काका,’ अध्यक्ष म्हणाले.

‘मग नमस्कार राहिला की.’

चौऱ्याहत्तर वर्षांचे बान इंजे उठले, अंगरखा सारखा केला आणि नऊ महिन्यांच्या काकांसमोर पूर्ण वाकले, कपाळ जमिनीला. (चार बोटंसुद्धा सोडली नाहीत.) काकांनी त्यांची टोपी ओढून चावली. मग शेजारी पडलेली कोरीव काठी पकडली, तिच्या आधाराने आधी एक पाय, मग दुसरा पाय, असं करत आजोबा जन्मात पहिल्यांदा उभे राहिले. आपल्या पायांवर, मोठे आजोबा, सगळं घराणं समोर असल्यासारखे मान ताठ करून. तिन्ही म्हातारे टाळ्या वाजवत होते. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. लिएन पणजींना मी त्याच संध्याकाळी दवाखान्यात जाऊन सांगितलं, तर त्यांनी प्लास्टरवर तारीख लिहून ठेवली.

नंतर मंडळाची बैठक आमच्या स्वयंपाकघरात नूडल्स खात झाली. नियमांत ‘वडीलधाऱ्यांची सेवा’ एवढंच लिहिलं आहे, वय लिहिलेलं नाही, असं ठरलं. पुरस्कार कायम. अध्यक्षांनी दर रविवारी काकांना भेटायला यायचं, असंही ठरलं. ते त्यांनी स्वतःच ठरवलं. ओकबुन आजी सांगत फिरतात की अख्ख्या बंदरात असा नातू नाही. आणि मोजे, मोठे आजोबा, मला आता अंधारातही सापडतात, माझेही आणि त्यांचेही. बालगृहाबद्दल आपण जे सुचवलंत त्याचं उत्तर एवढंच की मी त्यांना कुणाला देणार नाही. पणजींचा पाय बरा होईपर्यंत तर नाहीच, आणि नंतर दिले तरी रोज जाऊन बघेन.

मोठ्या आजींना नमस्कार. थंडीत बाहेर पडू नये.

आपला आज्ञाधारक पणतू नव्हे, नातू (त्या शनिवारपासून माझाही हिशेब चुकतो),
बान दुहो

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. पुरस्कारावर शिक्का बसण्याआधी अध्यक्ष वंशावळ प्रत्यक्ष पाहणार आहेत. त्यासाठी ते गुरुवारी भिंग घेऊन आपल्याकडे येतील. मी त्यांना तेग्यून यांचं नाव पुस्तकात आहे असं सांगितलेलं नाही. नाही असंही सांगितलेलं नाही. तेवढं एक नाव लिहून ठेवावं. पानं संपली असं आपण म्हणाला होतात, पण मी लहानपणी धूळ पुसताना पाहिलं आहे, धाकट्या पातीखाली अर्धं पान कोरं आहे. नाव नसेल तर पुरस्कार गेला तरी चालेल. पण मग ते कुणाचे आजोबा, ते मला त्यांना सांगता येणार नाही.

ता. क. २. अडचण गुडघ्यांची आहे, हे मला कळतं. तेग्यून पुस्तकात आले की लिएन पणजी आपल्या काकू होतात, आणि काकूंना पूर्ण वाकून नमस्कार करावा लागतो. मी पणजींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, माझाही पाय वाकत नाही, त्यांना म्हणावं दोघं पाय पसरून बसू आणि जेवू.

ता. क. ३. हे पत्र टपालात टाकलेलं नाही. आज बुधवार आहे. मी ते फाटकाखालून सरकवलं आहे आणि बाहेर उभा आहे. आपले धाकटे भाऊ माझ्या पाठीवर जागे आहेत, काठी त्यांनी सोडलेली नाही. थंडी फार आहे. दार उघडा.